शेळीवरचा आळ

"भूकंपात आख्खं गाव पडलं, म्या न्हाय पडले," असं गजराबाई येता-जाता सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. त्या पहाटे माळवदाची माती उशाशी येऊन बसली, तेव्हा ही बया लेकराला काखेत मारून अंगणात उभी होती आणि आतल्या नवऱ्याला शिव्या घालत होती, "निघा की भाईर, का पंचांग बघून निघताव?" धोंडीबा निघाला. त्याच्या मागं भिंत बसली. पुढं लई वर्षांनी तो गेला तो आजारानं गेला.

लोहाऱ्याहून जीपनं आमच्या गावाला यायचं, तर फाट्यावरच नव्या गावठाणातली सरकारी घरं दिसतात. एका मापाची, सरळ रांगेत. त्यातल्या मधल्या गल्लीत गजराबाई राहते. पोरगा रणधीर शेती बघतो आणि फाट्यावरून जीप चालवतो. सून शिवकन्या. सत्तरी कधीच मागं पडली, पण गावात गजराबाईचं नाव निघालं की आधी तिच्या मानेचं बोलणं निघतं. तरणी होती तेव्हा डोक्यावर घागरीवर घागर, वर कळशी, हात मोकळे, अन् त्या मोकळ्या हातांनी ओवाळून ओवाळून भांडत विहिरीवरून घरापर्यंत यायची. भांडण संपायचं, पाणी सांडायचं नाही.

म्हणून येळवसंला तिचा थाट वेगळा. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. रानात कडब्याची कोप म्हणजे झोपडी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी-भाकरी-उंडे आणि ताकात शिजवलेली आंबील पोटभर खायची, येणाऱ्याला खाऊ घालायची. ती आंबील घरून रानात जाते ती मातीच्या बिंदगीत. बिंदगीला चुना आणि कावेचे पट्टे, डोक्यावर चुंबळ, पाय अनवाणी. घरची जी कर्ती बाई, तिनंच ती न्यायची. गजराबाई सासू मेल्यापासून दर येळवसंला ती नेत आली. लोक बांधावर उभं राहून बघायचे. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम लांबच्या वाटेनं जायची.

आता त्या गल्लीतली एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

गजराबाईच्या दारासमोर, नालीच्या पलीकडं, तिच्या भासऱ्याचं घर. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. कोंडीराम त्याचं नाव, गाव त्याला आबा म्हणतं. बायको गेली, पोरगं पुण्याला. म्हातारा एकटाच दारापुढच्या वट्ट्यावर बसून असतो आणि त्याचं ताट गजराबाईच्या घरून जातं. आमच्याकडल्या जुन्या बाया भासऱ्यासमोर तोंड दाखवत नाहीत आणि त्याच्याशी थेट बोलत नाहीत. गजराबाई नांदायला आली त्या दिवसापासून तिनं ही रीत पाळली. वट्ट्याजवळ आली की पदर कपाळावरून खाली, पार नाकाच्या शेंड्यापर्यंत. धोंडीबा होता तोवर निरोप त्याच्या तोंडून जायचे. तो गेला, रणधीर जीपवर, शिवकन्या रानात, आणि दिवसाउजेडी दोन्ही घरांत ही दोनच म्हातारी माणसं उरली. मग बोलायचं कसं?

तर ती दोघं शेळीतर्फे बोलायची.

तांबड्या रंगाची, एक कान फाटलेली, गळ्यात घंटी असलेली शेळी. ती आबाच्या वट्ट्याच्या खुंटीला बांधलेली असायची. आबा शेळीकडं तोंड करून म्हणायचा, "पावसाचा वास येलालाय. वाळवण काढा म्हणावं." गजराबाई शेळीच्या पुढ्यात पाला टाकत म्हणायची, "म्हणावं, कवाच काढलंय." आबा म्हणायचा, "कालवण आळणी झालंय म्हणावं." ती म्हणायची, "म्हणावं, गोळ्या कुणाला चालू हायत? मीठ कमी सांगितलंय दवाखान्यात." शेळी रवंथ करायची. इतकी वर्षं दोघांची भांडणं ऐकली, पण कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

श्रावणातल्या सोमवारी गजराबाई पडली.

उपास होता. पहाटे रिकाम्या पोटी बीपीची गोळी घेतलेली. आबाचा चहा वट्ट्यावर ठेवला, खाली वाकून शेळीचं दावं सारखं केलं, झटक्यात उठली, आणि डोळ्यापुढं अंधारी आली. नालीवरच्या फरशीवर आडवीच झाली. ओरडली नाही. पदर तोंडात धरून उठली.

आबानं शेळीला विचारलं, "काय पडलं गं?"

"म्हणावं, पाटी पडली," गजराबाई म्हणाली आणि कंबर धरून घरात गेली.

संध्याकाळी शिवकन्येनं कोपराचा निळा डाग बघितला. "आत्या, हे काय?"

"शेळीनं मारलं."

"आपल्या शेळीनं? ती तर माशी बसली तरी हालत न्हाय."

"तुला न्हाय मारत. मला मारती."

खोटं बोलायला कारण होतं. शेजारच्या गल्लीतली खाजामियाँची अजीजाबी, गजराबाईच्या बरोबरीची, मागल्या साली न्हाणीत पडली. खुबा मोडला, सोलापूरला ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले चालवा. पण तिची पोरं भ्याली आणि तीही भ्याली. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर. कुणी उठू देईना, आणि पुढं पुढं तिला उठावंसंच वाटेना. गजराबाई तिला भेटायला गेली की अजीजाबी म्हणायची, "बहन, पडलीस तरी सांगू नगंस. सांगितलं की बसवतेत." गजराबाईनं ते गाठीला बांधलं. पडले म्हणून कळलं, की पहिली बिंदगी जाणार. मग विहीर, मग रान, मग गल्ली. राहील ती खाट.

दसऱ्याच्या पुढं ती दुसऱ्यांदा पडली, तिथंच. आबाचं ताट घेऊन चालली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, पायात रणधीरच्या जुन्या रबरी चपला, नालीवर शिवकन्येनं टाकलेलं सांडपाणी. ताट खणखणत गेलं. आबा शेळीला म्हणाला, "आन आता?"

"म्हणावं, घमेलं पडलं."

शेळीनं सांडलेलं कालवण चाटलं.

या खेपेला गुडघा टम्म सुजला. गजराबाईनं पुन्हा शेळीचं नाव घेतलं. रणधीर संतापला. पायतान काढून शेळीला हाणलं आणि म्हणाला, "म्हातारीला मारतीस? हिला येत्या बाजारी लोहाऱ्याला न्हेऊन इकतो. मारकं जनावर दारात नगं."

झालं. गजराबाई कात्रीत सापडली. खरं सांगावं तर बिंदगी जाते. न सांगावं तर शेळी जाते. ती गेली तर समोरच्या म्हाताऱ्याशी बोलायचं कसं? बाजारापर्यंत तिनं लई युक्त्या केल्या. "गाभण हाय वाटतं," म्हणाली. "शेळीच्या बाजारात मंदी हाय," म्हणाली. रणधीर ऐकेना.

बाजाराच्या सकाळी जीप दारात उभी राहिली. रणधीरनं दावं सोडलं. शेळी अंग चोरून बसली, उठेना. गजराबाई चौकटीला धरून उभी.

शिवकन्या म्हणाली, "आत्या, रडलालाव का काय?"

"कांदा चिरला."

"सकाळी सकाळी? आज तर तुमचा उपास हाय."

तेवढ्यात समोरच्या वट्ट्यावर काठी आपटली. आबा उभा राहिला होता. त्याला उभं राहिलेलं कुणी बघितलं नव्हतं बऱ्याच दिवसांत.

"रणधीर, थांब. शेरडाला कुठं न्यालास?"

"बाजाराला, आबा. मायला दोनदा मारलं तिनं."

आबानं सवयीनं शेळीकडं तोंड केलं. "म्हणावं..." म्हणाला आणि थांबला. मग मान वळवून, अंदाजानं, गजराबाईच्या दाराकडं बघत म्हणाला, "गजराबाई, मुक्या जनावरावर आळ कामून घेतीस?"

इतक्या वर्षांत त्या माणसानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

"शेरडू दोन्ही येळंला माझ्या खुट्टीला बांधलेलं व्हतं," आबा बोलतच सुटला. "आखूड दाव्याचं. ते तुला कसं मारंल? तू पडलीस. एकदा सरावणात, एकदा दसऱ्याच्या पुढं. माझं डोळं गेलंत, कान हायत अजून. बाई पडलेली आन पाटी पडलेली मला कळती."

"मग तवाच का बोलला न्हाईत?" रणधीर म्हणाला.

"म्या इचारलं की शेळीला. तिनं पाटी सांगितली."

शिवकन्येला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती खाली बसली. रणधीरच्या हातातलं दावं सुटलं. "माय, खरं हाय का?"

"व्हय, पडले," गजराबाई ठसक्यात म्हणाली. "आता न्या मलाबी अजीजाबीगत खाटंवर. बांधून टाका. शेळी सोडा आन त्या खुट्टीला मला बांधा."

"तुमच्यापायी शेळीनं पायतान खाल्लं, आत्या!" शिवकन्या म्हणाली.

"तिला म्या पेंड घातली मागनं."

आबा अजून उभाच होता. "आन ते पदराचं. वट्ट्यापशी आली की चाल बारीक व्हती तुझी, चाचपडत येतीस. डोळ्यावर वढतीस न्हवं? मला कधीपासनं दिसत न्हाय. कुणासाठी वढतीस?"

गजराबाई पदराच्या आतून म्हणाली, "रीत हाय, आबा."

"रीत माझ्यासाठीच हाय न्हवं? मग म्या मोडली. सार माघं. आन दिसत असतं तरी ह्या वयात काय बघायचं ऱ्हायलंय?"

"मला कोण बघाया सांगलालंय!" गजराबाई म्हणाली आणि पदर मागं सारला. त्या वट्ट्यासमोरचं ऊन तिच्या तोंडावर पहिल्यांदाच पडलं असेल. रणधीरनं शेळी परत खुंटीला बांधली. जीप रिकामी गेली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई आली. वर्षाराणी तिचं नाव, गावचीच लेक, गजराबाईच्या मांडीवर खेळलेली. शिवकन्येनं तिला सगळं सांगितलं होतं. वर्षाराणी म्हणाली, "मावशी, कशा पडलाव ते करून दावा."

"परत पडू व्हय?"

"पडू नगा. पडायच्या आधीपर्यंतचं दावा."

गजराबाईला नाटकाची हौस होतीच. तिनं चपला घातल्या, चष्मा लावला, ताट घेतलं, पदर ओढला आणि निघाली. वर्षाराणी मागं मागं. दोन पावलं गेली नाही तोवर म्हणाली, "थांबा. ह्या चपला कुणाच्या?"

"रणधीरच्या. फेकणार व्हता."

"तुमचा पाय त्यात नांगराच्या फाळागत फिरलालाय. आन चष्मा?"

"ह्येंचा." ह्येंचा म्हणजे धोंडीबाचा. तो गेला तेव्हा चांगली काडी होती म्हणून ठेवलेला. "त्येनला त्यातनं पेपर दिसायचा."

"तुमाला काय दिसतंय?"

"नाली जरा वर आल्यागत दिसती."

"आन गोळी कवा घेताव?"

"पहाटं. उपास असला तरी चुकवत न्हाय." हे तिनं अभिमानानं सांगितलं. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, एकादशी, म्हणजे आठवड्यातला बराचसा भाग.

शिवकन्या मधेच म्हणाली, "पाणी म्याच टाकते नालीवर. सवय हाय."

"मग आळ कुणावर घ्यायचा आता?" गजराबाईनं विचारलं.

"एकावर न्हाय घेता येत, मावशी," वर्षाराणी म्हणाली. "चप्पल एकली असती तर तुमी सावरलं असतं. चष्मा एकला असता तरी. समद्याची एका जागी गाठ पडली आन तुमाला पाडलं."

लोहाऱ्याच्या दवाखान्यात रणधीर घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी झोपवून बीपी बघितलं, मग उभं करून बघितलं, तर उभं राहिल्यावर ते घसरत होतं. त्यांनी गोळीचं माप बदललं, आपल्या मनानं बंद करायची नाही म्हणून दटावलं, खाऊन मगच घ्यायची म्हणाल्या, आणि अंथरुणातून उठताना आधी बसायचं, जरा दम धरायचा, मग पाय टेकायचे हे शिकवलं. डोळ्याला नवा नंबर निघाला. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, थंडी सरल्यावर काढू, असं ठरलं. पायातलं बळ कमी झालंय म्हणून रोज व्यायाम सांगितला.

"व्यायाम?" गजराबाई बाहेर येऊन म्हणाली. "जल्मभर दगडं उचलली, आता खुर्चीवरनं उठबस कराया सांगलालेत."

पण करायला लागली. आबाच्या वट्ट्यावरच खुर्ची ठेवली. हात न टेकता उठायचं, हात न टेकता बसायचं, मग चौकटीला धरून एका पायावर उभं राहायचं. आबा ऐकत बसायचा.

"आज हात टेकलास की."

"न्हाय टेकला."

"बांगडी वाजली खुर्चीला."

"तुमचं कान बी काढून घ्यावं डॉक्टरनं."

रणधीरनं नालीवर खडबडीत फरशी बसवली, न्हाणीत धरायला लोखंडी दांडी लावली. शिवकन्येनं पाणी परसात टाकायला सुरुवात केली. कधी विसरायची, मग गजराबाई गल्लीभर ऐकू जाईल असं बोलायची. बाजारातून पट्ट्याचे बूट आणले, पायाला चपखल बसणारे. लुगड्यावर बूट बघून पोरं हसली. गजराबाई दुसऱ्या दिवशी ते बूट घालून अजीजाबीकडं गेली, वर्षाराणीला बरोबर घेऊन. खाटेपाशी बसून एक पाय वर केला आणि म्हणाली, "म्या सांगितलं, आन मला बसवलं न्हाय. उठ." अजीजाबी त्या दिवशी उठली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र दोघींच्या आधारानं दारापर्यंत आली आणि दारात बसून तिनं गल्लीतल्या प्रत्येकाची चौकशी केली, कोण मेलं, कोण जगलं.

येळवस जवळ आली तसा खरा वाद निघाला. रणधीर म्हणाला, "माय, यंदा बिंदगी शिवकन्या नेईल."

गजराबाई काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हटल्यावर घरात कुणाला जेवण जाईना.

शेवटी शिवकन्याच म्हणाली, "मला नगं. म्या सांडीन आन जल्मभर ऐकीन." मग पुढं म्हणाली, "सडकंनं आन बांधावरनं म्या नेते. आपल्या रानातल्या लिंबापसनं कोपीपतूर आत्या नेतील. बूट घालून. वाट सपाट करा तुमी."

"बूट घालून आंबील?" रणधीर म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

वट्ट्यावरून आवाज आला, "लोकांस्नी कोपीत बसून पायाकडं बघायचं असंल तर बघू दे."

गजराबाईनं अंगणात सराव सुरू केला. आधी नुसती चुंबळ, मग रिकामी बिंदगी, मग पाणी घातलेली. मनाशी ठरवलं होतं, की पाणी सांडलं तर हट्ट सोडायचा. आणि ऐन येळवसंच्या आदल्या दिवशी सांडलं. आबाच्या वट्ट्यापाशी जाऊन वळताना शेळीनं लुगड्याचा काठ तोंडात धरून ओढला. गजराबाई डगमगली, एक पाय मागं टाकला, आबाच्या दाराची चौकट धरली, उभी राहिली. पाणी मात्र निम्मं खांद्यावर.

शिवकन्या धावत आली. "काय झालं?"

"शेळीनं!" गजराबाई ओरडली. "देवाशप्पत, आज खरंच शेळीनं!"

शिवकन्येनं कपाळाला हात लावला. रणधीर तर बघायलाच तयार नाही. तेव्हा आबा म्हणाला, "खरं सांगलालीय. शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजली, मग पाणी सांडलं. पाणी सांडलं, बाई न्हाय सांडली. चार महिन्यांमागं ती आडवी झाली असती."

ती साक्ष कुणाला खोडता आली नाही.

येळवसंच्या दिवशी ऊन कोवळं होतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली. आबाला जीपनं आधीच रानात नेऊन कोपीत बसवलं होतं, शेळीही त्याच्याबरोबर. शिवकन्येनं सडक आणि बांध पार केला, दोन्ही हातांनी बिंदगी धरून, दात खाऊन. लिंबाखाली तिनं ती गजराबाईच्या चुंबळीवर ठेवली. गजराबाईनं न्याहारी केली होती, गोळी घेतली होती, स्वतःचा चष्मा लावला होता, पदर मागं खोचला होता. शेजारच्या रानातून एक बाई ओरडली, "गजरे, बूट घालून पळाया निघालीस काय?"

"व्हय! तू ये माघनं चालत."

रणधीरनं खोऱ्यानं वाट सारखी केली होती. ती नीट चालली, शिवकन्या दोन पावलं मागं. मान तशीच, दोरीनं ओढल्यासारखी सरळ. लोक बांधावर उभे राहिलेच. निम्म्या वाटेवर पाटाचं पाणी फुटून आडवा चिखल झाला होता, सकाळी नव्हता. रणधीर लांब, कोपीपाशी. गजराबाई थांबली. पूर्वीची असती तर डौलात उडी टाकून गेली असती, आणि बघणाऱ्यांना तेच हवं होतं. ती चिखलाकडं बघत राहिली. बिंदगीवर एक हात होता. दुसरा तिनं बाजूला पसरला.

"शिवकन्ये," ती म्हणाली, मान न वळवता, "हात दे गं."

शिवकन्येला आधी कळलंच नाही. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं, हुकूम तेवढे केले होते. मग ती चिखलात उतरली, घट्ट हात धरला. गजराबाईनं पाऊल चाचपून टाकलं, दुसरं टाकलं, पलीकडं गेली. हात सोडवला नाही. कोपीपर्यंत तशीच गेली.

कोपीत आबानं आवाज ऐकून शेळीला विचारलं, "कोण आलं गं?"

"म्या हाय, आबा. शेळीला कामून इचारताव आता?"

"सवय. पडलं काय?"

"बिंदगी का म्या?"

"दोन्ही."

"कायबी न्हाय पडलं." रणधीरनं बिंदगी उतरवून पांडवांपुढं ठेवली. गजराबाई जीपमधून आणलेल्या खुर्चीवर बसली, हात न टेकता. मग कोपीच्या मागच्या अंगाला बघून उठलीच. "आबा, तुमच्या त्या निरोप्यानं निम्मी कोप खाल्ली! रणधीर, हिला ने बाजाराला!"

"नगं," रणधीर आंबील ओतत म्हणाला. "तिनं खाल्ली का तू परत आळ घेतलास, आधी आबाला इचारतो."